बाबांनी ऐकलेला तडा

इथले अनुभव मी आजवर फक्त खोड्या काढायला वाचत आले. कोणी पांढरी साडी लिहिली की माझी कमेंट ठरलेली – चष्म्याचा नंबर तपासून घ्या! मी कोयलीकडच्या एका कंपनीत केमिस्ट आहे. जे दोनदा करून दोनदा तसंच येत नाही ते मी रजिस्टरमध्ये लिहीत नाही. आज लिहितेय ते दुसऱ्यांदा आलंच नाही... आणि तरी माझ्या डोळ्यांसमोर झालं. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही बडोद्याचे. प्रतापनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो – आई, बाबा आणि मी. बाबा रेल्वेत चाकं तपासायचे. लांब दांड्याच्या हातोडीने चाकाला ठोका द्यायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर तडा. माठ घेताना आई टिचकी मारून बघते, तसंच. गुडघे दुखतात म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि मग हळूहळू कान गेले. निदान आम्हाला तरी हाच क्रम माहीत होता.

कानाचं मशीन आणलं, ते डबीतून बाहेर आलं नाही. खाली बाकावर दोस्तांमध्ये जाऊन बसणं बंद झालं. आईशी बोलणंही "हं" आणि "नको" एवढ्यावर आलं. आई चिडायची, "अहो, तुमच्यापेक्षा कुकर बरा, शिट्टी तरी मारतो!" आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. ते मला बघवायचं नाही.

आता गेमबद्दल. नाव देत नाही, जाहिरात वाटेल. पण काय गेम आहे! कुठल्याशा लांबच्या ग्रहावर माणसांनी बांधलेलं केंद्र, आणि माणसं कधीच निघून गेलेली. तांबूस उजेड, धूळ, वारा. बंदूक नाही, पळापळ नाही, मारायला कोणी नाही. नुसती कोडी, आणि केंद्र सांभाळणाऱ्या यंत्राचा दमलेला आवाज. कोडं सुटलं की तो एक प्रश्न विचारतो. एकदा त्याने विचारलं, तुझा एकेक भाग बदलत गेलो तर शेवटी उरेल तो तूच का? बनवणाऱ्यांचे पाय धरावेत असं वाटलं, खरंच.

एका दालनात मात्र अकरा दिवस अडकले. धातूचे नऊ खांब. दांड्याने एकेक ठोकायचा, तडा असलेला ओळखायचा, त्यावर खूण करायची. दर वेळी खांब वेगळा, आणि आवाजातला फरक इतका बारीक की हेडफोन लावूनही घाम फुटायचा. बरोबर ओळखला की खूण हिरवी व्हायची, पण पलीकडे जायचा पूल ढिम्म! नेटवर उत्तर बघणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी अशीच वैतागले. हेडफोनची पिन कंट्रोलरमधून उपटली, हेडफोन टीपॉयवर टाकला आणि चहा टाकायला उठले. टीव्ही म्यूटवर होता. कप घेऊन परत येते तर बाबा हेडफोन घालून बसलेले!

"बघ," आई म्हणाली, "एवढंसं मशीन नको, आणि हे टोपलं चालतं."

बाबांनी स्क्रीनकडे बोट केलं. "ठोक."

कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून मला काही सांगितलं नव्हतं. त्यांचा विरस नको म्हणून मी कंट्रोलर घेतला आणि ठोकला.

"बराबर छे. पुढचा."

दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला हात वर. "बद्द आहे. मार खूण."

खूण हिरवी. मी पुलाकडे वळले तसे बाबा ओरडले, "अगं थांब! पाछुं. पहिल्यापासून परत ठोक."

"बाबा, ते पास झालेत ना!"

ऐकू गेलं नसणार, पण माझं तोंड बघून समजले. "पास केलेलं चाकसुद्धा सोडण्याआधी परत ठोकायचं असतं. तडा काय तुला विचारून जातो?"

इथेच तर माझं चुकत होतं! एकाला खूण केली की आधी पास झालेल्या दुसऱ्या खांबाला तडा जायचा. अकरा दिवसांत मी एकदाही मागे वळून ठोकलं नव्हतं. आम्ही चार फेऱ्या मारल्या. चारही वेळा बाबांनी सांगितला तोच खांब, एकही चूक नाही. पूल उघडला आणि मी सोफ्यावर चढून नाचले.

यंत्राचा प्रश्न इंग्रजीत उमटला. "काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं. मी वहीत लिहून दाखवलं – ऐकणारा कोणी उरला नाही, तर तडा खरा की खोटा?

बाबा हसले. "ऐकणारा बहिरा झाला म्हणून चाक थोडंच सांधतं?" मग आईकडे न बघता म्हणाले, "गुडघे नव्हते गं ते. एक दिवस ठोका दिला आणि काहीच ऐकू आलं नाही. बाजूच्याला आलं, मला नाही. त्याच दिवशी हातोडी जमा केली. कोणत्या तोंडाने सांगणार होतो? कानांवर तर नोकरी केली."

सहा वर्षं आई त्यांना 'ऐतोबा' म्हणत होती. ती उठली, त्यांचा हेडफोन काढला, कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझे कान काय शोभेला होते?"

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला तर हुंदकाच आला.

डोळे पुसून हेडफोन उचलायला वाकले... आणि पिन जमिनीवर. मीच उपटलेली, तशीच. टीव्ही म्यूट. कंट्रोलर पूर्ण वेळ माझ्या हातात, त्याची थरथर मी पहिल्याच दिवशी बंद केलेली. खांब दिसायला सगळे सारखे – नंतर आवाज बंद ठेवून मी स्वतः तासभर निरखले, काही कळत नाही.

लगेच पिन लावली, आवाज फुल केला, "बाबा, परत!" तीन खांब ऐकून त्यांनी हेडफोन काढला. "काही येत नाही यात. डबडं आहे."

पुढच्या रविवारी तेच. कानाच्या डॉक्टरांना विचारलं. रिपोर्ट बघून म्हणाले, असला बारीक फरक यांना पिन लावूनही कळणार नाही.

बाबा आता मशीन घालतात. कुरकुरतात, पण घालतात, आणि दुपारी आईशी वादही घालतात. मी मात्र अजून त्या खांबांमागे लागलेय, वहीभर आकडेमोड केली, हाती काही नाही. परवा आईने वहीच बंद केली. म्हणाली, "नको शोधूस बाई. कारण सापडलं, तर हे परत गप्प बसतील."