हॉलमधला मुरडीचा कानवला

क्लेटन या विद्यापीठाजवळच्या उपनगरात तेव्हा विद्यार्थ्यांचा असा पूर आला होता की एका गादीला दोन मालक असत, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा, आणि दोघांची ओळख फक्त उशीच्या वासावरून. मला मात्र अख्खी खोली मिळाली. कारण घरमालकीणबाईंना बटाटे कुस्करायला दणकट हात हवे होते आणि माझे हात, मीच त्यांना सांगितल्याप्रमाणे, पुण्यात नारळ फोडायला लोक भाड्याने नेत.

बाई युक्रेनियन. दुसऱ्या महायुद्धानंतर आईच्या कडेवर बसून बोटीने इथे आलेल्या. मी त्यांना आजी म्हणायचो, त्या मला मेट, म्हणजे इथल्या बोलीत दोस्त, म्हणायच्या. आवाज असा की अंगणातून हाक मारली तर टास्मानियातल्या मेंढ्या माना वर करतील.

दर शनिवारी सकाळी त्या मला त्यांच्या समाजाच्या हॉलवर नेत. भिंतींवर लाल-काळ्या भरतकामाची कापडं, वरच्या मजल्यावर पोरांच्या नाचाचा बुटांसकट दणदणाट, आणि खाली स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांची पलटण वरेनिकी करत बसलेली. वरेनिकी म्हणजे बटाटा भरून पाण्यात उकळलेली करंजीच समजा. ती विकायची आणि लढाईतून पळून आलेल्या कुटुंबांना गाद्या, भांडी, शाळेचे बूट घेऊन द्यायचे, असं त्यांचं चालायचं. बटाट्यांच्या ढिगावर चढून मी एकदा समुद्र बघितलाय.

हे सगळं मजेचंच होतं, फक्त खिडकीचा कट्टा सोडून. तिथे सगळ्याजणी आपापले फोन तोंड वर करून ठेवत. एखादा वाजला की टेबलावरचे सगळे हात थांबत. जिचा असेल ती उठून फोन घेई आणि बाकीच्या तिच्या पाठीकडे बघत बसत. लढाईवरून काय बातमी आली ते पाठीवरून कळतं, आजी म्हणाल्या होत्या. काही शनिवारांत मलाही पाठी वाचता यायला लागल्या.

एक फोन कधीच वाजत नसे. तो माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचा. ती छोट्या मुलीला घेऊन आली होती, नवरा आघाडीवर राहिला होता, आणि उन्हाळ्यापासून त्याचा आवाज नव्हता. मेला म्हणून कुणी कळवलं नव्हतं, जिवंत म्हणूनही नाही. मुलगी वर नाचायची आणि खाली येऊन आईला इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. ती बाई पारी लाटायची, भरायची, मिटवायची, आणि मध्येच कट्ट्याकडे बघायची. तिच्याजवळ बसलं की बंद विहिरीजवळ बसल्यासारखं वाटे.

आता मी गप्प बसणाऱ्यातला नाही. आईला मुलगी नव्हती, त्यामुळे दिवाळीत करंजीच्या कडेला मुरड घालायचं खातं माझ्याकडे. एका शनिवारी हाताला सवय म्हणून मी एका वरेनिकीची कड वेणीसारखी वळवत नेली. पलटणीत नाकं मुरडली गेली. इथे प्रत्येकीच्या गावची कड मिटवायची चिमूट ठरलेली, आज्यांपासून चालत आलेली, त्यात हा कोण? मी म्हटलं, थट्टा नको, हा मुरडीचा कानवला आहे. आमच्याकडे लांब जाणाऱ्या माणसाला खायला घालतात. कड जशी वळून मागे येते तसा माणूस वळून परत येतो. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? माझ्या आत्याचे यजमान आखातात गेले, वर्षानुवर्षं पत्ता नाही, ते निघताना आत्याने कानवला खाऊ घातला होता, एके दिवशी दारात हजर, आणि हातात आत्याची लग्नाआधी हरवलेली छत्री!

सगळ्या हसल्या. शेजारची हसली नाही.

"खाणारा नक्की परत येतो?" तिने विचारलं.

"गॅरंटी."

"ज्या दारातून निघाला, त्याच दारात?"

"त्याच. चप्पलसुद्धा त्याच जागी काढतो."

तिने मला मुरड शिकवायला लावली. त्यानंतर दर शनिवारी सगळ्यांचं आटोपलं की ती एकच मुरडीची करायची, पातेल्यात सोडायची आणि फुटते का बघत वाफेत तोंड घालून उभी राहायची. कधी फुटली नाही. डब्यात घालून घरी न्यायची. मला वाटलं, फ्रीझरमध्ये नवऱ्यासाठी साठवते आहे. आजींना ते आवडत नव्हतं. पातेल्याला कुणाच्या परत येण्याचं काही विचारू नये, म्हणायच्या. कधीतरी ते उत्तर देतं.

मग एका शनिवारी तिने मुरडीची वरेनिकी बशीत घेतली, मुलीला वरून हाक मारली, दोन तुकडे केले, एक तिला दिला आणि एक स्वतः खाल्ला.

मी म्हटलं, अगं, हे गेलेल्या माणसासाठी असतं.

"घरातून गेले मी," ती म्हणाली. "तो तिथेच आहे."

वरचा नाच चालू होता. खाली कुणाच्या हातात हालचाल नव्हती, आणि फोन तर एकही वाजला नव्हता.

तिकिटं काढून झाली होती. पोलंडपर्यंत विमान, पुढे गाडी. म्हाताऱ्यांनी तिला घेरलं, पोरीचा तरी विचार कर म्हणाल्या, मुलीला इथे ठेव म्हणाल्या. ती सगळ्यांना मान डोलावत होती, बस पकडायची असलेला माणूस डोलावतो तशी. शेवटी आजींनी माझं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलल्या.

"थाप तुझी होती ना, मेट? मग जा आणि तसं सांग तिला."

मी सांगितलं. आत्याचे यजमान आखातातल्या कंपनीला टाळं लागलं म्हणून आले, छत्री मी जागच्या जागी रचली, कानवला हे फक्त साखर-खोबरं. थापा मारणाऱ्याला खरं बोलताना किती घाम फुटतो, विचारू नका.

तिने नीट ऐकून घेतलं.

"पण आले ना?" तिने विचारलं.

तेवढं मात्र खरं होतं. आले होते.

पुढच्या शनिवारी तिची खुर्ची रिकामी होती. आजींनी एका पारीची कड वळवली, वेडीवाकडी, आणि पातेल्यात सोडली. त्या आणि मी वाफेत उभे राहिलो. थोड्या वेळाने पाणी ढवळं झालं. बटाटा वर आला, मागून रिकामी पारी. आजींनी झाकण ठेवलं. टेबलाभोवतीच्या कुणी ते पाहिलं नव्हतं, पण सगळ्या आमच्या पाठीकडे बघत होत्या.

"काहीतरी बोल," आजी म्हणाल्या. "काहीही. मोठ्याने."

मी वळलो, हसलो, आणि छत्रीची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. कट्ट्यावर फोन ओळीने पडले होते, तोंड वर करून, आणि मी त्यांच्याकडे न बघता आवाज चढवत गेलो.