छावणीतल्या बायकांना मी पोहायला शिकवते

आधी हातातला चहा खाली ठेवा बघू. मागं ही हकिकत सांगताना आमच्या वन्संच्या नाकातून चहा आला होता आणि बोल मला बसले. फजिती माझी आहे, तेव्हा हसा बिनधास्त, पण कप ठेवून.

साठ-एकसष्टचा उन्हाळा असेल. लग्न होऊन मी नुकतीच जयपूरला आले होते. आमचे हे लष्करात कॅप्टन. माझं माहेर जत. जतला पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढं! त्याहून जास्त पाणी एका जागी दिसलं की मी चार पावलं मागं सरायची.

पण एका बाबतीत मी वाघीण. हिंदी! हिंदीच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. छावणीतल्या बाकीच्या मराठी बायका दूधवाल्याशी खुणांनी बोलायच्या. मी त्याच्याशी ‘कृपया’ आणि ‘यद्यपि’ घालून बोलायची. तो बिचारा हात जोडून उभा राहायचा.

तर एकदा आम्ही काही बायका कर्नलीणबाईंकडे चहाला गेलो होतो. कर्नलीणबाई म्हणजे आमच्या कर्नलसाहेबांच्या पत्नी. देह भरभक्कम, आवाज परेडचा. लेडीज क्लबच्या कार्यक्रमाची चर्चा चालली होती. अचानक त्या माझ्याकडे वळल्या.

“मिसेस पाटणकर, आपको तैराकी आती है?”

आता हा शब्द काही माझ्या परीक्षांत आला नव्हता. मी मनात म्हटलं, तैराकी म्हणजे तयारी, दुसरं काय? इथल्या बायका बोलतातच जरा हेल काढून.

“आती है? अजी, बचपन से करती हूँ! हमारे घर में सब करते हैं. मेरी सास तो इस उम्र में भी करती है.”

“अच्छा! साड़ी में?”

“नौवारी में! और घर में शादी हो, तो रात-रात भर.”

कर्नलीणबाईंचा कप हवेतच राहिला. “रात भर?”

“करना पड़ता है! सारा गाँव आता है.”

सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू साक्षात देवीच प्रकट झाली आहे. सोमवारपासून लेडीजना तैराकी शिकवायची जबाबदारी माझ्यावर! मी मान ताठ करून घरी आले.

“काय गं,” हे म्हणाले, “तू म्हणे बायकांना पोहायला शिकवणार?”

“पोहायला? छे! तैराकी शिकवणार.”

ह्यांनी बूट काढता काढता माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तैराकी म्हणजे पोहणं.”

डोळ्यांसमोर आमच्या सासूबाई नऊवारी नेसून, अख्ख्या गावासमोर, रात्रभर विहिरीत पोहताना दिसायला लागल्या!

“उद्या जाऊन सांगून टाक. शब्द कळला नाही म्हणावं.”

“काय सांगू? मला हिंदी येत नाही म्हणून? बुडून मरेन एक वेळ!”

“तीच शक्यता जास्त आहे,” हे म्हणाले.

तरी चांगला माणूस हो! दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला छावणीतल्या पोहण्याच्या तलावावर न्यायला लागले. मी सलवार-कमीज घालून शिडीच्या दांडीला घट्ट मिठी मारून उभी.

“अगं, पाणी तुला काही करत नाही.”

“मग मला त्यात कशाला ढकलता?”

सोमवार उजाडेपर्यंत माझी प्रगती म्हणाल तर एका हातानं दांडी सोडता यायला लागली होती. बस.

पण शिकवायला काय लागतं? रुबाब! मी काठावर उभी राहून नियम सांगितला, “मैं जो करूँ, वही कीजिए. मैं जो बोलूँ, वही बोलिए. बोलने से साँस चलती है.” भीती वाटली की मी मराठीत आकडे म्हणते, त्यामुळे सगळ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात “एक, दोन, एक, दोन” करत हातपाय हलवायला लागल्या. वर्गात मराठी मी एकटीच; बाकी मारवाडी, पंजाबी, बंगाली, सगळ्या!

आणि मग कळलं, त्या तगड्या कर्नलीणबाई माझ्याहून भित्र्या. त्यांनी माझा हात असा पकडला की बांगड्या रुतल्या.

“बहनजी, बहुत डर लगता है. आप हैं, इसलिए उतरी हूँ.”

खरं सांगते, त्या वाक्यानं माझ्या अंगात काहीतरी संचारलं. त्या थरथरत होत्या आणि मी धीर देत होते. “डरिए मत, शरीर ढीला छोड़िए.” त्यांना सांगता सांगता माझंच शरीर ढिलं पडलं. दांडी कधी सुटली, कळलंच नाही. त्यांचा हात सोडवून मागं मागं सरकत मी त्यांना पुढे बोलवायला लागले, “आइए, आइए, बस मेरी तरफ़ देखिए...”

आणि पायाखालची फरशी संपली!

हिंदी गेली, परीक्षा गेल्या, सगळं गेलं. मी आईच्या भाषेत बोंब ठोकली, “बुडाले! बुडाले!”

लगेच सगळा वर्ग एका सुरात, “बुडाले! बुडाले!”

“अहो, वाचवा!”

“अहो, वाचवा!”

काय शिस्त म्हणावी ही! मी हात आपटले, त्यांनी आपटले. मी पाय झाडले, त्यांनी झाडले. एकीलाही वाटलं नाही की बाई बुडते आहे. मग करते काय? झाडत राहिले, आपटत राहिले, आणि डोळे उघडले तेव्हा माझा हात पलीकडच्या काठावर होता. खोल तलाव मी पार केला होता! मी, जतची!

कर्नलीणबाई इकडून ओरडल्या, “वाह बहनजी! ये कौन-सा स्ट्रोक है?”

“महाराष्ट्र का है,” मी धापा टाकत म्हणाले.

त्या उन्हाळ्यात सगळ्या बायका पोहायला शिकल्या आणि मीही शिकले. भीती पार पळाली. फक्त एक झालं. दर हाताला “बुडाले” म्हटल्याशिवाय आमच्यातल्या एकीलाही पोहता येईना.

पुढे छावणीत साताऱ्याकडचे एक तरुण डॉक्टर बदलून आले. एके दिवशी ते तलावाच्या भिंतीबाहेरून चालले होते आणि आतून दहा-बारा बायकांचा आकांत, “बुडाले! बुडाले!” तो देवमाणूस भिंत चढून, बूट-टोपीसकट धाडकन आमच्यात!

“शर्म नहीं आती?” कर्नलीणबाई कडाडल्या. “दिखता नहीं, लेडीज तैर रही हैं?”

डॉक्टर टोपीतलं पाणी गाळत उभे. त्यांनी आमच्याकडे नजर फिरवली, ती माझ्या मराठी वळणाच्या कुंकवावर येऊन थांबली आणि त्यांनी अस्सल मराठीत विचारलं, “ताई, ह्यांना हे शिकवलं कुणी?”

तोवर मी डोकं पाण्याखाली कधी घातलं नव्हतं. ते त्या दिवशी घातलं, आणि डॉक्टर जाईपर्यंत वर काढलं नाही!