अमेरिकेतली वरात

"घे की रं. बलुतं हाय तुझं."

श्रीकांत असं म्हणाला तेव्हा माझ्या गळ्यात खेळण्यातला ड्रम होता. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. हातात दोन काड्या. शेजारी एक गोरी बाई नाणं पुढं करून उभी होती. तिला वाटलं, मी तिथलाच नोकर. लोकांच्या करमणुकीला ठेवलेला. तिची चूक नव्हती. मी वाजवत होतो आणि चौघं जण वरातीत नाचतात तसे नाचत होते. चौघं मराठी. चौघं माझ्याच विद्यापीठात शिकणारे.

फ्लोरिडातलं ते मनोरंजनाचं भलंमोठं उद्यान. खोटे राजवाडे, पाळणे, बँड, आइस्क्रीम खाणारी पोरं. आणि तिथं मी, सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीजवळच्या एका मांगवाड्यातला, सरकारी शिष्यवृत्तीवर कापडाचं तंत्र शिकायला गेलेला. सातासमुद्रापलीकडं जाऊन वरात वाजवत होतो.

हे कसं झालं ते सांगतो.

श्रीकांत सोलापूरचाच. बड्या डॉक्टरचा मुलगा. मी सोलापूरकडचा म्हटल्यावर पहिल्याच भेटीत त्यानं मिठी मारली होती. "आपल्या गावचा माणूस!" माझं आडनाव मराठ्यांतही असतं. जात त्यानं विचारली नाही, मी सांगितली नाही. अमेरिकेपर्यंत पोचलेला माणूस आपल्यातलाच असणार, असं त्या चौघांनीही गृहीत धरलेलं.

थंडीच्या सुट्टीत श्रीकांतच्या जुन्या गाडीतून आम्ही पाच जण निघालो. माझ्याकडं आईनं दिलेली शेंगाचटणीची बरणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. पहिल्या दिवशी ती बरणी मांडीवरून मांडीवर फिरली. बोटं घालून खाल्ली सगळ्यांनी. पुण्याचा एक जण म्हणाला, "तुझ्या आईला इकडंच बोलावून घेऊ." मला इतकं बरं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या पंगतीत मध्ये बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत गाणी रंगली. मी पुढच्या सीटवर होतो. समोरच्या फळीवर बोटांनी ठेका धरला.

"अरे, काय हात आहे! कुठं शिकलास?"

मी फुललो. शहाणपण गेलं चुलीत. म्हणालो, "बापाकडून. माझा बाप हलगी वाजवतो. पंचक्रोशीत तसा हात नाही कुणाचा."

गाणं थांबलं. गाडी तेवढ्याच वेगानं चालली होती. आमच्याकडं हलगी कोण वाजवतं हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. थोड्या वेळानं श्रीकांतच म्हणाला, "अच्छा. आम्ही नाही हं मानत असलं काही."

दुपारी रस्त्याकडेला जेवायला बसलो. ब्रेड निघाला. मी बरणी मध्ये ठेवली. कुणाचं पोट बिघडलं होतं, कुणाला तिखट चालेना. न मानणाऱ्यांचे चारही हात ब्रेडपाशीच थांबले. मी एकट्यानं चटणी खाल्ली आणि बरणीचं झाकण लावलं. कुणी वाईट बोललं नाही. शिवी दिली असती तर शिवी देता आली असती.

मग ते उद्यान. तिथं झकपक कपड्यांतल्या वादकांची मिरवणूक निघाली. ती बघून श्रीकांतला हुक्की आली. दुकानातून त्यानं तो ड्रम आणला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

"वाजव. आपण वरात काढू. मजा येईल."

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. का, तर मला ती बरणी परत फिरायला हवी होती. वाटलं, वाजवलं की पुन्हा आपल्यात घेतील. शिकलेल्या माणसाची अक्कल ही एवढी.

आमच्या गावात रीत होती. हलगीवाल्यानं वरातीकडं पाठ करायची नाही. नवरदेवाकडं, पाटलाकडं तोंड करून, वाकून, उलटं चालत वाजवायचं. मागं दगड असो, खड्डा असो. लहानपणी मी अप्पांच्या, म्हणजे बापाच्या, बरोबर जायचो, हलगी शेकायला उसाचं पाचट घेऊन. एकदा उलटं चालताना अप्पांची टाच धोंड्याला लागली. उताणे पडले. हलगी मात्र छातीवर धरलेली, तिला माती लागू दिली नाही. सगळी वरात हसली. अप्पा उठले आणि त्यांच्याबरोबर हसले. अप्पांच्या त्या हसण्याचा मला मारापेक्षा जास्त राग आला होता.

फ्लोरिडात माझी टाच रस्त्याच्या कडेला लागली. मी अडखळलो. चौघं हसले. आणि मीही हसलो.

अगदी अप्पांसारखा.

तेव्हा मी पायांकडं बघितलं. मी उलटा चालत होतो. त्यांच्याकडं तोंड करून. कंबरेत वाकून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाटील नव्हता, वेस नव्हती. पाय आपले आपण चालले होते. शिष्यवृत्ती मिळाली, विमानात बसलो, इंग्रजी बोललो. पायांना त्यातलं काही कळलंच नव्हतं.

तेवढ्यात ती बाई नाणं घेऊन आली. आणि श्रीकांत गावरान आवाज काढून बोलला, "घे की रं. बलुतं हाय तुझं."

माझी आई इंडीकडची, कानडी मुलखातली. माझ्या तोंडातून तिचाच शब्द निघाला. "ब्याड." नको.

बाईला हात जोडले. ड्रम काढला आणि श्रीकांतच्या गळ्यात घातला. काड्या त्याच्या हातात दिल्या.

"आता तू वाजव. उलटा चाल आणि वाजव."

"अरे, गंमत केली. मनाला काय लावून घेतोस?"

मी पाठ फिरवली. सरळ चालत दारापर्यंत गेलो. परत आलो तो एकटा, बसनं. पिशवीतली बरणी मांडीवर घेऊन.

सोलापुरात परतलो, कापडगिरणीत नोकरीला लागलो. त्याच उन्हाळ्यात गावी पाटलाच्या धाकट्या पोराचं लग्न निघालं. अप्पांना सांगावा आला. मी घरी गेलो तेव्हा अप्पा पाचट पेटवून हलगी शेकत होते.

"अप्पा, जायचं न्हाय."

"मग हाताला काय सांगू? गप बस म्हणू व्हय?" अप्पा म्हणाले. "त्येंच्यासाटी न्हाय रं वाजवत. मला लई आवडतंय."

खरं होतं ते. मी विचार केला आणि म्हणालो, "मग वाजवा. मी बी येतो. पर उलटं चालायचं न्हाय."

अप्पांनी आणखी मूठभर पाचट जाळात सारलं. मग दुसरी हलगी काढून त्यांनी माझ्याकडं दिली.

वेशीपाशी वरात उभी राहिली. आम्ही पुढं झालो आणि वरातीकडं पाठ केली. अप्पांचा हात त्या दिवशी असा पडत होता की अंगावर काटा यावा. पाटलाचा भाऊ मागून ओरडला, "ए! त्वांड इकडं कर!" अप्पा थांबले नाहीत. एक धोंडा माझ्या पाठीत बसला. दुसरा अप्पांच्या डोक्याला लागला. मग माणसं धावून आली. दोन्ही हलग्या फाडल्या. अप्पांचा उजवा हात मोडला. तो पुन्हा नीट कधीच बसला नाही.

तक्रार घेतली गेली नाही. मांगवाड्यातल्या कुणालाच शेतावर काम मिळेना, गावचा पिठाच्या गिरणीवाला दळण घेईना. मी म्हणालो, "अप्पा, सोलापूरला चला."

"का? गाव त्येंच्या एकट्याचं हाय व्हय?" आणि मोडक्या हातानं त्यांनी नवं कातडं ताणायला घेतलं. त्यांना जमेना. मग मी ताणलं.

श्रीकांत आता सोलापुरात असतो. त्या उद्यानातला एक फोटो तो पाहुण्यांना दाखवतो म्हणे. त्यात बाकीच्यांच्या पाठी आहेत. तोंड फक्त माझं दिसतं, वाकलेलं, हसरं.

दाखवू दे. तसलं तोंड त्याला परत मिळायचं नाही. पाठीत धोंडे बसतील, हे मला माहीत आहे. बसू देत. मी सरळ चालणार. यापुढं ज्याला माझं तोंड बघायचं असेल, त्यानं चालत माझ्यापुढं यावं.