मुंगसाची एकादशी

तुम्ही तिकडे फेरेट पाळल्याचं वाचलं. फोटोवरून तो आमच्या मुंगसाचा लांबचा भाऊ शोभेल असा दिसतो. त्याच्या खाण्याकडे आणि विष्ठेकडे रोज लक्ष ठेवा. का, ते सांगते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही धंतोलीत राहत होतो. तुमचे आजोबा जंगल खात्यात होते. ते चांद्याकडे दौऱ्यावर गेले की महिना महिना येत नसत. घरात मी आणि सासूबाई. माझं इंग्रजी वाचणं त्यांना रुचत नसे, आणि त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नसे. दिवसभरात बोलायचं ते घरी पाळलेल्या मुंगसाशीच.

आजोबांना धाडायच्या पत्राचा कच्चा मजकूर मी पेन्सिलीने लिही आणि रडवेली वाक्यं खोडून टाकी. एके दिवशी खोडरबर सापडेना. मी दुसरं आणलं. पहिल्याचा शोध घेतला नाही.

दोन दिवसांनी मुंगसाने दुधाच्या बशीला तोंड लावलं नाही. नेमकी एकादशी होती. सासूबाई हरखल्या. आपण तरी साबुदाणा खातो, याची तर निर्जळी, असं म्हणत त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवलं. एक जण त्याला नमस्कारही करून गेली. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलल्या. द्वादशीलाही ते उपाशी राहिलं, तर म्हणाल्या, "सूनबाई, तुझं पोर माझ्यापेक्षा सोवळं निघालं गं."

ते दात खात होतं, लाळ गाळत होतं, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडत होतं. विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट झाली, मग तीही थांबली. हे सगळं मी पाहिलं, सवयीप्रमाणे वहीत वेळेसकट टिपूनही ठेवलं. पण दुपारी सासूबाई मला शेजारी बसवून घेत, आणि मी गप्प बसे.

त्रयोदशीला आमच्या भांडेवालीने त्याला उचलून पोट चाचपलं. "हा उपास नाही वं बाई. याच्या पोटात काहीतरी अडकून राहिलं. तुमाले दिसलं नाही?"

मी टांगा करून गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी एक बैल थांबवून आधी मुंगसाला पाहिलं. बोटाला काहीतरी टणक लागतंय, घरातलं काय हरवलंय, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मला खोडरबर आठवलं. त्यांनी एरंडेल दिलं, पण पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं, हेही सांगितलं.

परतीच्या वाटेवर टांग्यातच, माझ्या मांडीवर ते गेलं. मी त्याला फडक्यात बांधून पदराखाली घेतलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. पदराखालचं गाठोडं पाहून त्या बाजूला झाल्या. आपणच त्याला उपाशी मारलं, असं त्यांनी शेवटपर्यंत मानलं. हा उपास नसून दुखणं आहे, अशी मला पहिल्या दिवसापासून शंका होती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.