बलूनला लावलेलं डिझेल

खंडेनवमीला कुणाच्या फडक्याला डिझेलचा वास आला, की मला नेवाशाच्या अलीकडचं ते गॅरेज आठवतं. निवृत्त झाल्यावर दोघांनी फिरायचं म्हणून मी झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी घेतली होती. पण आज हे, उद्या ते, करत ती पाच वर्षं दारातच उभी राहिली. अखेर एकदाचे निघालो, तर तासाभरातच मागची बाजू फुस्स करून खाली बसली. मेकॅनिक गाडीखाली शिरला. स्प्रिंगच्या जागी असतात ते हवेचे रबरी बलून पार भेगाळले होते. "ह्ये कशानं पुसता?" त्यानं विचारलं. "दर दसऱ्याला डिझेलनं. काळंभोर चमकतं," मी सांगितलं. तो दमल्यासारखा हसला. "डिझेल रबर खातं, साहेब. हातच लावला नसता, तर अजून दोन-तीन वर्सं कुटं जात न्हवते." बायको गाडीच्या पायरीवर गुडघे चोळत बसली होती. "चला घरी," एवढंच म्हणाली. नवे बलून बसवून आम्ही परत फिरलो. "आता सात-आठ वर्सं बघायला नको," तो म्हणाला होता. यंदा मी ते कोरड्या फडक्यानं पुसले. चांगले आहेत अजून. गाडीची पायरी मात्र आता तिच्यानं चढवत नाही.