रविवारचे चार तास

काशीत राहून टपालाने एमबीए करता येतं, हे मी नोकरी करत होते त्या बँकेत कळलं तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. करावं की नाही, ठरेना. म्हणून एका रविवारी मी अभ्यासकेंद्रात चौकशीला गेले. ऑफिस अजून उघडलं नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर पन्नाशी उलटलेल्या एक बाई चपला काढून, मांडी घालून वाचत बसल्या होत्या. परिच्छेद संपला की समोरच्याचं म्हणणं पटल्यासारखी मान हलवायच्या. माझं मंगळसूत्र पाहून त्यांनी मराठीत विचारलं, "दूधविनायकात, आपल्या मराठी मोहल्ल्यात राहता का?"

"हो. तुम्ही इथे शिकवता?"

"छे, शिकते. अकाउंट्समध्ये दोनदा फेल झाले."

त्या एका शाळेत शिक्षिका होत्या आणि लवकरच निवृत्त व्हायच्या होत्या.

"मग या डिग्रीचा फायदा काय?" मी विचारलं. प्रश्न खरं तर माझा मलाच होता.

त्यांना राग आला नाही. "घरी किताब उघडली की कोणी ना कोणी उठवतंच, बेटा. इथे रविवारी चार तास मला कोणी उठवत नाही."

तास सुरू झाला तशा त्या आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. महिनाभर मी फक्त बढतीचाच विचार करत होते, हे त्यांच्याकडे पाहताना माझ्या लक्षात आलं.

घरी यजमानांनी विचारलं, "काय ठरलं?"

"प्रवेश घेते आहे. रविवारी मुलगी आणि स्वयंपाक तुमच्याकडे."

ते हसले. मी हसत नाही हे पाहून म्हणाले, "वरणाला पाणी किती घालायचं?"