बागेतला पाला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वरवर पाहिलं तर सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? एक म्हातारा भाऊ, एक म्हातारी बहीण आणि लोणावळ्याच्या बागेतली पानगळ. पण तुम्ही जरा बसा.

माघ लागला की आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेतले देशी बदाम लाल होतात. सकाळी पायाखाली पानं चुरचुरतात, सावरीला फुलं आलेली असतात, धुकं पुरतं उठलेलं नसतं. यजमान गेल्यावर कितीतरी वर्षं मी तिथे एकटीच फिरले. शाळेत जन्मभर बडबड केलेली बाई मी — त्या पानांचं कौतुक करायचं तरी कुणापाशी?

मग एका वर्षी दादा आला. माझा थोरला भाऊ, पवन मावळात भातशेती करणारा. तळेगावात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि दवाखाना जवळ हवा म्हणून तो माझ्याकडे राहिला. रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही दोघं बागेत जायचो.

दादा कसली पानं बघतोय? तो पाला बघायचा. भाताचं रोप टाकायच्या जमिनीच्या तुकड्यावर आमच्याकडे होळी-पाडव्याच्या सुमारास शेण, पाला, गवत पसरून भाजतात — त्याला राब म्हणतात. वडील गेल्यापासून घरचा राब दादाच पेटवायचा. वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे जाळ भडकत नाही, धुमसत पुढे सरकतो. दुसऱ्या कुणाला काडी लावू द्यायचा नाही. बागेतला पाला कचऱ्याच्या गाडीत चाललेला बघून त्याचा जीव तुटायचा.

"बाय, एवढं सोनं फेकून देत्यात व्हय?"

मग रोज एक पिशवी भरून घरी. माझी गॅलरी पोत्यांनी भरून गेली. मी चिडवायची, तो हसायचा, मधेच बदामाचं एखादं लालभडक पान माझ्या हातात द्यायचा — लहानपणी झाडावरून चिंचा पाडून द्यायचा तसं. कित्येक वर्षांनी आम्ही पुन्हा भावंडं झालो होतो. फार सुखात होते मी.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणजे — यायलाच हवं.

होळीच्या तोंडावर मी त्याला तपासणीला नेलं. दादा बाहेर चपला घालत होता, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, आता काही काळजी नाही, गावी जाऊ देत, हलकी कामंही करू देत. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

"काय म्हनलं डागदर? राबाला जाऊ ना?"

"पाडव्यापर्यंत तरी नाही," मी म्हणाले. "आणि धूर तर अजिबात नको म्हणालेत."

धुराचं मी तिथल्या तिथे रचलं. मुलांना पटेल असं कारण द्यायची शाळेतली सवय होती ना. त्याच्या जिवाला घाबरले होते का मी? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही — मला सकाळी बागेत शेजारी माणूस हवं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी घेतलीच नाही. त्याचा मुलगा सुनील फोनवर विचारत होता, "आत्या, थांबू का आबांसाठी?" मी सांगितलं, नको, तूच पेटव.

पाडवा झाल्यावर दादाला गावी सोडलं. तो घरात न जाता आधी रानात गेला, काळ्या झालेल्या तुकड्यावर वाकून माती चाचपली, आणि "बरा भाजलाय पोरानं" एवढंच बोलला. बरोबर नेलेली पोती त्याने गोठ्यात रिकामी केली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, की मलाच तसं वाटलं?

पुढच्या राबापर्यंत तो राहिला नाही. दिवाळीच्या आधी झोपेतच गेला.

दिवसकार्याला सुनील भावकीत सांगत होता, "आत्यानं ठेवून घेतलं म्हून आबा तेवढं तरी जगलं." सगळ्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. मी डोळ्याला पदर लावला आणि ते कौतुक घेतलं.

त्याच्या हातचा शेवटचा राब मी अडवला. आणि त्या अडवलेल्या दिवसांइतकं सुख मला नंतर कधी लाभलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी खरं सांगेन — असं अजूनही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.